ताई त्या शहरात नुसती फिरत राहिली

गेल्या रविवारी कुडपणला ताईकडे गेलो होतो. पोलादपूर सोडून बाईक घाट चढायला लागली तेव्हा पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये एक गेम... वीसेक वर्षांपूर्वी महाडच्या घरात आम्ही दोघं भावंडं खेळायचो तो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायात रोलर स्केट्स घातलेली पोरं, परदेशातलं एक झगमगीत शहर, मागे लागलेले पोलीस. जिन्याच्या कठड्यांवरून घसरत जायचं आणि वेळ संपायच्या आत दिसेल त्या भिंतीवर स्प्रे मारून चित्र काढायचं. सगळं कॉमिकसारखं, जाड काळ्या रेघांचं... आणि गाणी अशी, की टीव्ही बंद केला तरी पाय थांबायचे नाहीत.

मामा तेव्हा मुंबईत नोकरीला होते. त्यांनी एका सुट्टीत येताना टीव्हीला जोडून खेळायचा जुना कन्सोल आणला, सोबत ही एक सीडी. लाईट असेल त्या वेळात आम्ही टीव्हीसमोर.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तेव्हा बारावीला. चित्रकला तिच्या बोटांतच होती. भीमजयंतीला आमच्या वस्तीतला फलक दरवर्षी तीच रंगवायची.

त्या गेममध्ये स्वतःचं चित्र तयार करायची सोय होती. एकेक बारीक चौकोन रंगाने भरत जायचं, फार वेळखाऊ काम. ताईने कितीतरी दुपारी घालवून एकच शब्द काढला... ‘महाड’. फुगीर निळी अक्षरं, शिरोरेघ रस्त्यासारखी तिरकी, ‘ड’ची शेपटी पार खालपर्यंत ओढलेली.

मग त्या परदेशी शहराच्या स्टेशनाच्या भिंतीवर एका स्केटवाल्या पोराने चक्क मराठीत ‘महाड’ रंगवलं. ताई हसून हसून पलंगावर आडवी झाली. ते हसणं मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

पुढच्या काही महिन्यांत मला एका मित्राकडून क्रिकेटचा गेम मिळाला. गेम सेव्ह करायचं मेमरी कार्ड भरलेलं होतं. मी काहीतरी डिलीट केलं... आणि त्यात ताईची सगळी चित्रं गेली.

तिला संध्याकाळी कळलं. मी ओरडा खायच्या तयारीत बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, राहू दे, आणि उठून आत गेली. त्यानंतर तिने तो गेम कधी हातात घेतला नाही. कन्सोल पुढे पुरात गेला, तेव्हाही तिने त्याची चौकशी केली नाही.

आता मी एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. ताई लग्न होऊन कुडपणला गेली, तिथे अंगणवाडी सांभाळते. फोनवर बोलणं होतं... तब्येत, पाऊस, आईची औषधं. पण ती पलंगावर आडवी होऊन हसणारी ताई मला इतक्या वर्षांत पुन्हा भेटली नव्हती. मनात कायम एकच, की ते हसणं मीच घालवलं.

मागच्या महिन्यात इंटरनेटवर तोच गेम दिसला, आता कॉम्प्युटरवर चालणारा. घेतला. कंट्रोलरही घेतला.

रविवारी दारात दाजींनी जयभीम केला, पाणी दिलं आणि ते शेताकडे गेले. मग मी लॅपटॉप ताईसमोर उघडला. पहिलं गाणं सुरू झालं आणि तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मेमरी कार्ड, क्रिकेट, तेव्हा माफीसुद्धा मागितली नाही, सगळं. ताई पीठ लागलेले हात परातीवर तसेच धरून ऐकत होती.

मग म्हणाली, “तुझ्यामुळं नाय रे सोडला मी.”

त्याच आठवड्यात तिचं मुंबईला जायचं रद्द झालं होतं. मामांकडे राहून आर्ट कॉलेज करायचं ठरलेलं, फॉर्मसुद्धा भरून तयार होता. पण आईचं ऑपरेशन निघालं, घरात कुणीतरी हवं होतं. बाबांनी विचारलं आणि ती हो म्हणाली.

“मंग गेममधलं ते शहर बघवंना मला,” ती म्हणाली. “चित्रं गेली ते बरंच झालं, असं वाटलं तवा.”

आईचं ऑपरेशन मला आठवत होतं. ते वर्षभर ताईच्या हातचं जेवून मी शाळेत गेलो, हेही आठवत होतं. पण तिचं काही राहून गेलंय, हे मला कधी दिसलंच नाही. वीस वर्षं मी एका पुसलेल्या चित्राचं ओझं वाहत होतो...

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि कंट्रोलर घेतला. सुरुवातीला दोनदा आपटली, मग बोटांना आठवलं. कठड्यावरून सरकली, पुलाखालून गेली, दुकानांच्या रांगेसमोरून गोल वळली. रंगाचे डबे वाटेत पडलेले होते, एकही उचलला नाही.

मी म्हटलं, ताई, वेळ संपेल, भिंत रंगव.

“थांब,” ती म्हणाली. “आधी फिरून घेऊ दे.”

वेळ संपली. तिने पुन्हा पहिल्यापासून लावला. पुन्हा तेच स्टेशन, तोच पूल... ती हसत नव्हती. पण मी तिथे आहे हे ती विसरली होती, आणि मला तेच हवं होतं. मागे तव्यावरची भाकरी करपली, ती मी जाऊन उतरवली.

चार वाजता निघालो. लॅपटॉप ताईने मागितला नाही. पण मी बॅग भरायला घेतली तेव्हा तो उचलून माझ्या हातातही दिला नाही... मी गुपचूप चार्जर काढून त्याच्या शेजारी ठेवला आणि बाईक काढली.