मख्खोबाची चाल

शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला सगळे मख्खोबा म्हणायचे, आणि काही चुकीचं नव्हतं त्यात. भारी पत्ते आले की माणसाचे डोळे चमकतात. याचा चेहरा उतरायचा. जेवणाच्या सुट्टीत कापायच्या टेबलावर बटणं लावून पोकर चाले. दोन पत्ते ज्याच्या त्याच्या हातात, बाकीचे टेबलावर उघडे, सगळ्यांचे मिळून. पत्ते जोरदार असले की हा पठ्ठ्या कान खाजवणार, सुस्कारा सोडणार, "काय भिकार पानं!" म्हणणार आणि बोली न वाढवता गप्प बसणार. समोरचा चेकाळून बटणांचा ढीग लावायचा, मग हा त्याला गाठायचा.

पण वाटेल तेव्हा नाही हं! टेबलावरचे पत्ते एकमेकांशी न जुळणारे हवेत, नाहीतर समोरच्याचाच डाव लागायचा, आणि समोर उतावीळ गडी हवा. उतावीळ गडी घरचाच होता: बायकोचा धाकटा भाऊ, तिथेच मशीनवर बसायचा. बिचारा दर वेळी फसायचा.

आज हातात दोन राजे. टेबलावर तिसरा राजा, सत्ती आणि दुर्री. गप्प बसायला याहून चांगली वेळ कुठली! मख्खोबा सुस्कारा सोडणार, तेवढ्यात उजव्या हातातले पत्ते गळून पालथे पडले. उचलायला गेला तर बोटं ऐकेनात.

"अरेरे, पत्तेसुद्धा पेलवेनात बिचाऱ्याला!" इस्त्रीवाला हसला.

मख्खोबाला दरदरून घाम फुटला. 'मला काहीतरी होतंय' म्हणायला गेला, तर तोंडातून नुसतं "बब... बब" आलं.

"वा भावोजी!" मेहुण्याने टाळी वाजवली. "आज तर कमालच केलीत. तोंडसुद्धा वाकडं! एवढं सोंग म्हणजे पत्ते नक्कीच भारी. मी नाही बाबा फसणार." त्याने आपली पानं टाकून दिली, मागोमाग बाकीच्यांनीही. आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याने भावोजींची चाल ओळखली होती, आणि कसलं डोंबलाचं ओळखलं होतं!

अरे, नीट बघा रे माझ्याकडे, मख्खोबा डोळ्यांनी विनवत होता. त्यांनी बघितलं आणि आणखीच हसले.

सुट्टी संपली. सगळी बटणं त्याच्यापुढे सरकवून माणसं उठली. तेवढ्यात मेहुण्याचा मोबाइल वाजला.

"ताई, तुझ्या नवऱ्याची नाटकं ऐक जरा," म्हणत त्याने तो भावोजींच्या डाव्या हातात कोंबला, हात कानाशी नेऊन ठेवला आणि मशीनकडे पळाला. मुकादम बोंबलत होता.

"अहो?"

"बब..."

 पलीकडे बायकोचा आवाज चिरकला. "अहो, काय होतंय तुम्हाला? हे सोंग नाही! धाकट्याला फोन द्या. ऐकताय ना? त्याला द्या फोन!"

तिला कळलं होतं. मख्खोबाच्या डोळ्यांना धार लागली. मेहुणा चार पावलांवर, पाठमोरा बसलेला. मख्खोबा उठायला गेला, तर उजवा पायही हलेना. एकेक करत सगळी मशीनं सुरू झाली.

"अरे, कुणीतरी बघा रे यांच्याकडे!" ती जीव तोडून ओरडत होती, आणि ते एकट्या त्यालाच ऐकू येत होतं.