खर्रा घोटणारी बाई

शाळेसमोरचे पानठेले हटवावेत म्हणून आम्ही बेसा वस्तीतले पालक अर्जावर सह्या घेत होतो. तिथेच एक बाई वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या पन्नीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायची. शाळेच्या पोरांनाही बिनदिक्कत विकायची. तिला टाळून मी पुढे निघाले, तर तिनेच हाक मारून कागद मागितला.

"मावशी, यानं तुमचाच ठेला उठेल."

"उठू द्या, बाई. माह्या पोराले पह्यला खर्रा मीनंच देल्ला. आता त्याचं तोंडच उघडत नाही, चमचाही आत जात नाही."

पदराला हात पुसून तिने अंगठा शाईला लावला आणि कागदावर दाबून धरला. चुना-तंबाखू घोटून घोटून अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या होत्या. नुसता निळा डाग उमटला.

"नाही उमटला का, बाई? अजून दाबू?"