घणकाकाचे पोचे

माझ्या थोरल्या काकाला कुठलीही वस्तू आधी मारून बघायची सवय होती. रेडिओ खरखरला की थप्पड, नळ गळला की लाथ, होडीचं इंजिन अडलं की पान्याचा तडाखा, आणि वर एक सणसणीत शिवी. "दोन ठेवून दिल्याशिवाय वस्तू आयकत न्हाय," हे त्याचं शास्त्र. श्रीवर्धनच्या अलीकडे आमचा कोळीवाडा आहे. तिथं सगळे त्याला घणकाका म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याला ते आवडायचं.

माणसांनाही तो सोडत नसे. आपल्या जाळ्यावर जाळं टाकलं म्हणून एकाला त्यानं भर धक्क्यावर बर्फाच्या पेटीत कोंबला होता. काकीवर मात्र त्याचा हात कधी उठला नाही, कारण लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मासे कापायची विळी समोर ठेवून त्याला घरचे कायदे सांगितले होते. मला तो 'बाय' म्हणायचा आणि प्रेमानं पाठीत असा धपाटा घालायचा की तोंडातला घास नाकात जायचा.

त्याचा सगळ्यात वाईट दणका बसला तो माझ्या वडिलांच्या मोटारसायकलला. माझे वडील, नाना, हे काकाचे पाठचे भाऊ. लग्नाआधी त्यांनी मोठ्या हौसेनं टू-स्ट्रोक गाडी घेतली होती. एकदा काका तापानं फणफणलेला, बाहेर वारा सुटलेला, आणि होडी आत ओढून बांधायचं काम नानांकडे. नाना मित्राला मागे बसवून म्हसळ्याला कुणाच्या तरी हळदीला गेले! परत आले तेव्हा होडीच्या फळ्या खडकांवर आपटत होत्या. काकानं तापातच घण उचलला आणि गाडी फोडली. टाकी, दिवा, इंजिन, काही ठेवलं नाही. "तू माझी होरी फोडलीस, मी तुझी गाडी फोडली. झाली फिटंफाट," म्हणाला. नाना त्याच दिवशी पनवेलला निघून गेले आणि भावांचं बोलणं संपलं.

पुढं सुट्टीत मला कोळीवाड्यात काकाच्या घरी, आजीकडे पाठवायचे, पण नाना मला एसटी स्टँडवर काकीच्या हवाली करत आणि उलट्या गाडीनं परत फिरत. फोडलेली गाडी पडवीत तशीच पडून असायची. पावसाळ्याच्या तोंडावर काका नव्या होडीला मोरीच्या माशाचं तेल चोपडायचा, म्हणजे खाऱ्या हवेत लाकूड टिकतं. उरलेलं तेल तो गाडीला लावायचा. "मर मेल्ये, गंजून मर एकदाची," असं ओरडायचा, पण चाकाची तारन् तार चिंधीनं पुसून घ्यायचा. मग वाड्यातली समस्त मांजरं गाडी चाटायला जमत आणि काका वल्हं घेऊन त्यांच्यामागे धावे. एकदा एका भंगारवाल्यानं गाडीला नुसता हात लावला, तर काकानं त्याच्या टेम्पोचे दिवे फोडले.

मग नानांची बायपास झाली. काका हॉस्पिटलात फिरकला नाही. माझं डोकं फिरलं. फोन करून मी वाट्टेल ते बोलले. ते काकीनंच ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगो, तो अंगणात गाडी खोलून बसलाय."

मी गेले, तर खरंच बसला होता. इंजिनाचं त्याला काही वाटत नव्हतं. होडीची टू-स्ट्रोक इंजिनं त्यानं जन्मभर उघडली होती. अडली ती टाकी. तिचे पोचे लाकडी हातोडीनं, आतून, टकटक करत उठवायचे असतात. जोरात मारलं की पत्रा फाटतो, आणि पहिल्या फटक्यालाच त्यानं तो फाडला. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. त्यातला माणूस शांतपणे काम करत होता. काकानं त्यालाच शिव्या घातल्या आणि माझा मोबाइल माडावर आपटला.

"एवढं साधं येत नाही तुला?" मी किंचाळले.

तो मटकन खाली बसला. "मारायला येतं गो बाय. हलू मारायला न्हाय येत. आनि बारक्या तिकडं मरायला टेकलाय." डोळे भरले होते मेल्याचे. माझेही भरले.

शेवटी त्यानं हातोडी डाव्या हातात घेतली. "उजव्याला खोड हाय," म्हणाला. डाव्या हातानं, बारशाला आलेल्या बाईनं बाळाला थोपटावं तसं थोपटत, त्यानं टाकी सरळ केली आणि फाटलेला पत्रा वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणला.

गाडी सुरू झाल्यावर पनवेलला निरोप गेला: घेऊन जा, पडवीत अडचण होते. नाना आले. काका वल्ह्यानं मांजरं हाकत उभा होता. नानांनी टाकीवरून हात फिरवला आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"हा राहिला," नाना म्हणाले.

"तो माझा न्हाय," काका गुरकावला. "तो तुझा. गाडी घेतलीस तवा उतारावर पडलावतास. मी माझंच काढलं."

नानांनी थोरल्या भावाच्या खाडकन कानाखाली वाजवली. काकी विळी घेऊन धावत बाहेर आली. काका गाल चोळत म्हणाला, "हलू मारलीस रं, बारक्या." मग दोघे एकमेकांना धरून असे रडले की शेजारपाजारच्यांना वाटलं, घरात कुणी गेलं. गाडी पनवेलला गेलीच नाही, कोळीवाड्यातच राहिली.

गेल्या वर्षी काका खरंच गेला. समुद्रात नाही, मारामारीत नाही, जेवता जेवता. सगळं आटोपून आम्ही घरी आलो आणि नाना, ज्यांना डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलंय, ते तडक पडवीत गेले आणि घण घेऊन आले. कुणी अडवायच्या आत तो त्यांनी अंगणातल्या गाडीच्या टाकीवर घातला. एकदाच.

"आत्ता कुठं बोलायला लागलावतास रं, दादा," म्हणाले आणि तिथंच बसले.

तो पोचा काढून देऊ का म्हणून गॅरेजवाल्यानं विचारलं, तर नाना त्याच्या अंगावर धावून गेले. टाकीवर आता दोन पोचे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर मोरीचं तेल लावताना नाना त्या दोन्हींत जरा जास्त घालतात. मांजरं आधी तिथंच चाटतात, आणि नाना त्यांना हाकलत नाहीत.