यमुनेला दिलेला सल्ला

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला सांगते — पण सुरुवात कुठून करू?

मी जव्हारला कॉलेजात मराठी शिकवते. लेखाची चिकित्सा म्हणजे खोड काढणं नव्हे. आधी लेखकाचं नीट ऐकायचं, मग तो कशाच्या आधारावर बोलतो ते विचारायचं, तो काय सांगायचं टाळतो तेही शोधायचं — हे मी वर्गात फार छान सांगते. मुलं मान डोलावतात. पण हे माझं नाही.

हे यमुनेचं. ती वांगणीची, शिकताना आम्ही वसतिगृहात एकाच खोलीत राहायचो. एकदा सरांनी एक लेख वाचायला दिला. आमच्या पाड्यांवरच्या लोकांना पोरांच्या शाळेची पर्वा नाही, म्हणून ते गाव सोडतात, असं त्यात होतं. मी सुबक सारांश लिहिला. यमुनेनं एवढंच विचारलं, की लेखक आला तेव्हा सगळं गाव वीटभट्टीवर कामाला गेलेलं. मग त्यानं हे विचारलं कुणाला? सर उरलेला तास तिच्याशीच बोलत राहिले.

तेव्हा मला जे वाटलं तो मत्सरच — दुसरा शब्द कशाला शोधू? माझी भाषा शुद्ध, मार्क माझे जास्त. मग हे मला का नाही सुचलं?

पुढे शहरातल्या कॉलेजात शिकायला आम्हा दोघींतल्या एकीलाच जाता येणार होतं. त्यासाठी दोघींना एकाच लेखाचं परीक्षण लिहायचं होतं. यमुनेनं तिचं मला वाचून दाखवलं. फार चांगलं होतं. मी म्हणाले, "हे नुसतं खोड काढणं झालं गं. उद्धटपणा वाटेल. चांगलं चांगलं लिही."

तिनं ऐकलं. सगळे प्रश्न काढून टाकले. आणि मी — मी ते माझ्या परीक्षणात घातले. शब्द माझे, प्रश्न तिचे. निवड माझी झाली.

परवा मोखाड्याच्या बाजारात ती भेटली. सोबत दहावीतली लेक होती. यमुना हसून म्हणाली, "तू तवा सांगलास ता बरा झाला. पोरीला पण मी तेच सांगते, जास्त इचारू नको."

मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती. तेव्हा तरी बोलायचं ना?

"हो, बरंच झालं," मी म्हणाले आणि जव्हारच्या जीपमध्ये बसले. जीप सुटली तेव्हा मला हायसं वाटलं.