ओला साचा

“साचा ओला आहे! ओतू नका!” असं ओरडत हे मुलाला मागे खेचायला गेले आणि स्वतःच आडवे झाले. म्युझियमच्या गुळगुळीत फरशीवर कमरेचं हाड मोडलं. तो आवाज मला ऐकू आला.

इथे परदेशात, मुलाच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये बसून आमची डोकी फिरतात म्हणून मुलाने तिथे नेलं होतं. म्हाताऱ्यांना तिकीट नाही, वर एसी. भिंतीवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली चित्रं. मुलगा पाटी वाचून म्हणाला, “आई, इंग्रज सरकारने चित्रकारांना कारखान्यांत धाडलं होतं. तोफगोळे कसे होतात ते चितारायला.”

यांचं हल्ली सगळं पुसत चाललं होतं. मला ‘अहो बाई’ म्हणायचे. पण एका चित्रापुढे थांबले. गोरे कामगार वितळलेलं लोखंड साच्यात ओतत होते. आग सुरेख काढली होती. माणसांना तोंडं नव्हती. यांनी हात उलटा करून चित्रातल्या साच्याला लावला. वाळला का ते ओतारी असंच बघतात.

“आजोबा, कॅनॉट टच ला!” नात इथल्या इंग्रजीत म्हणाली. गार्ड “अंकल, अंकल” करत धावला. आणि मग हे ओरडले.

त्या युद्धातच हे पुण्याला ओतशाळेत लागले होते. थोरले दीर आधीपासून तिथे. ओल्या साच्यात लोखंड पडलं की वाफ कोंडते आणि सगळं उडतं. त्या दिवशी यांच्या हाताला ओल लागली होती. पण माल लढाईवर जायचा, साहेबाला घाई. हे नवे, गप्प बसले. लग्नानंतर एकदाच मला सांगितलं, पुन्हा विषय नाही.

हॉस्पिटलात एकच धोशा होता. “साचा वाळला का?”

नर्सने विचारलं, काय म्हणतात? मुलगा म्हणाला, कामाचं काहीतरी.

मी सांगितलं, “वाळलाय. झोपा आता.”

“तुम्ही कोण? हात लावून बघितलात?”

“बघितला.”

“खोटं बोलता, बाई.”

रोज हेच. त्यांना माझं पटलं नाही आणि ते घरी आले नाहीत.

ओतशाळेत त्या साच्याजवळ थोरल्या दिरांसकट जेवढे होते, त्यांतले हे एकटेच जगले होते.