पहिल्या मजल्यावरचा कमोड

मृत्यूला जवळून पाहून आलेला माणूस अंतर्मुख होतो आणि आयुष्याच्या अंतिम प्रश्नांकडे वळतो, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं आहे. दादरच्या एका वाचनालयात नोकरी करत असल्यामुळे अशी पुस्तकं माझ्या हातांखालून पुष्कळ जातात. माझे वडील ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आले. त्यांनी डोळे उघडून छताकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “हयसर पाणी किती वाजता येता?”

बाबा महानगरपालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, छातीला लागेल एवढ्या उंच चावीनं खालचा व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि त्या गल्लीला पाणी सोडायचं, असं ते काम. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी लालबाग-परळमधली कुठलीही इमारत दाखवली की ते तिची पाण्याची वेळ सांगतात. इमारत पाडून तिथं टॉवर झाला असेल तर पाडलेल्या इमारतीची सांगतात. एका सकाळी ते पेपर आणायला निघाले होते आणि रिव्हर्स घेणाऱ्या एका टेम्पोनं त्यांना भिंतीशी दाबलं. कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, मांडीचं एका ठिकाणी. मांडीत सळई घातली. कंबरेला नुसतं पडून राहायला सांगितलं.

हॉस्पिटल परळलाच, आमच्या चाळीपासून पायी बारा मिनिटांवर. ही सोय म्हणायची की गैरसोय, हे मला सात आठवड्यांत ठरवता आलं नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी पास एकच होता, पण चाळ मोठी होती. हाड मोडलेल्या माणसाला पायाचं सूप द्यायचं असतं याबद्दल आमच्याकडे दुमत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात बाबांच्या उशाशी एका वेळी तीन-तीन थर्मास उभे असत. बाबा प्रत्येकातून दोन चमचे घेत, “बरा झाला हा” म्हणत आणि डोळे मिटत. भाकरी नको, मासे नकोत. वजन उतरत गेलं, जखम भरेना. तरुण डॉक्टर म्हणाले की एवढ्या धक्क्यानंतर जगण्याची इच्छा कमी होते, त्यांच्याशी बोलत राहा. विरारला राहणारा माझा भाऊ रविवारी येऊन तासभर सकारात्मक बोलला. बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

शोध आईनं लावला, आणि तोही सरळ विचारून.

“भूक लागत नाय काय तुमका?”

“लागता.”

“मगे?”

बाबांनी इकडे-तिकडे पाहून आवाज खाली आणला. “खाल्लंय काय जावचा लागता.”

जावचा म्हणजे भांड्यावर. चाळीस खाटांच्या वॉर्डात, हिरव्या पडद्यामागं, निजल्या निजल्या. जगण्याची इच्छा वगैरे शाबूत होती. त्यांनी फक्त खर्च बंद करण्यासाठी जमाच बंद केली होती.

आईनं हे वॉर्डातल्या मावशींना सांगितलं. मावशी खाटेपाशी आल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काय हो बाबा, लाजताय? सकाळपासून अकरा जणांचं केलं मी. तुमचं काय सोन्याचं आहे?” शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या, त्यामुळे हसता हसता ओरडला. बाबांनी त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, पण रागानं.

उरलेल्या अर्ध्या भाकरीसाठी आईनं सौदा केला. पोटभर खायचं, तर ती त्यांना घरी नेणार.

“खंयच्या घराक?”

“आपल्या.”

हा प्रश्न उगाच नव्हता. भावानं विरारला आपल्या फ्लॅटमधली एक खोली तयार करून ठेवली होती. पंधरावा मजला, लिफ्ट, खोलीला लागून बाथरूम. तो चांगल्या मनानं सांगत होता आणि त्याचं म्हणणं कुठल्याही बाजूनं चूक नव्हतं. बाबांचं उत्तर एवढंच की तिथं चोवीस तास पाणी येतं. “मगे माणसान उठाचा कित्याक?” बाबांना मी नीट ओळखत होते. विरारला ते मेले नसते. आडवे झाले असते आणि तसेच राहिले असते.

सहाव्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांची फेरी झाली. जखम भरली होती, वॉकर धरून बाबा खाटेपासून दारापर्यंत जात होते. डॉक्टर फाईलमधून मान वर न करता म्हणाले, “निदान सहा महिने उकिडवं बसायचं नाही. सळई हलली तर पुन्हा टेबलावर. घरी कमोड आहे ना?”

“आहे,” आई म्हणाली.

तिला इतकं सफाईदार खोटं बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्या मजल्यावर बावीस खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. चारही पूर्वापार पद्धतीचे.

जिन्यात भाऊ म्हणाला, “आई, माझ्याकडे दोन-दोन कमोड आहेत गं.”

“मग एकावर तू बस आणि एकावर तुझी बायको. हे घरी जाणार.”

भोक पाडलेल्या खुर्चीचा कमोड खोलीत ठेवता आला असता. पण आमची खोली म्हणजे दहा बाय बारा, त्यातच ओटा. आई पोळ्या लाटत असताना दीड हातावर बसण्यापेक्षा बाबांनी हॉस्पिटलचा हिरवा पडदा पसंत केला असता. तेव्हा चारातला एक बदलायचा, आणि त्यासाठी मजल्याची सभा.

आमच्या मजल्याला सभेची आवड आहे. मंडळाच्या खुर्च्या आल्या, सेक्रेटरी टेबलामागं बसले, टेबलावर चादर आणि चादरीवर पाण्याचा तांब्या. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. मग सेक्रेटरींनी विषय मांडला, तो असा: “स्वच्छतागृहाच्या आधुनिकीकरणाबाबत सांगोपांग विचार करणे.”

कोपऱ्यातल्या खोलीतले काका लगेच उभे राहिले. ते निवृत्त हेडक्लार्क आहेत आणि बसून बोलत नाहीत. “माझा व्यक्तीला विरोध नाही, तत्त्वाला आहे. आज कमोड आला, उद्या कोणी म्हणेल गीझर लावा. आणि बिल्डर आला की प्रत्येकाला आपापला मिळणारच आहे.”

बिल्डर गेली अठरा वर्षं येतो आहे.

“कमोडवर बसलेला माणूस उठत नाही,” पलीकडून कोणीतरी म्हणालं. “मोबाईल घेऊन बसतो. रांग वाढेल.”

हा मुद्दा तत्त्वापेक्षा जड होता. पुरुषमंडळी विचारात पडली. आईनं बाबांच्या नोकरीची आठवण करून द्यावी, इतकी वर्षं ह्या माणसानं अख्ख्या लालबाग-परळला पाणी सोडलं असं काहीतरी म्हणावं, म्हणून मी तिला कोपरानं ढोसत होते. पण बोलल्या त्या कोपऱ्यातल्या काकी, म्हणजे काकांच्याच पत्नी, आणि त्याही दारात बसल्या बसल्या.

“तीन वर्षं झाली, मी कडीला धरून उठते,” त्या म्हणाल्या. “कडी आता हलायला लागलीय. एक दिवस ती हातात येणार आणि मी आत राहणार. मग काढा तुमची तत्त्वं बाहेर.”

ह्यानंतर तीन दारांतून तीन बायकांनी आपापल्या गुडघ्यांची माहिती दिली. कोणाचा उजवा, कोणाचे दोन्ही. मी ह्या बायकांमध्ये वाढले, रोज सकाळी त्यांना त्या गॅलरीतून जाता-येताना पाहिलं, पण त्यांचं असं उठणं-बसणं चाललं आहे हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा अंतिम प्रश्नांवरची पुस्तकं वाचत असणार. ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन काकांनी दिलं, उभं राहून.

पुढं जे झालं त्याला आम्ही जबाबदार नाही. बातमी गल्लीतल्या एका पुढाऱ्यापर्यंत गेली, त्यांनी टाइल्स दिल्या, आणि टाइल्सबरोबर उद्घाटन आलं. संगमरवरी पाटी आली, फीत आली. नारळ फोडायचा की नाही यावर अर्धा दिवस गेला.

“अरे, ही काय नारळ फोडायची जागा आहे?”

“नारळ मुहूर्ताचा असतो. जागेचा काय संबंध?”

“मग प्रसाद कोण खाणार?”

शेवटी नारळ जिन्यात फोडला आणि खोबरं वाटलं नाही. पुढाऱ्यांनी माता-भगिनींच्या सन्मानावर भाषण केलं, फीत कापली, आत वाकून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. फोटोत त्यांच्या मागं कमोड स्वच्छ दिसतो. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते बाबा त्या वेळी हॉस्पिटलात खाटेवर बसून पेज पीत होते.

ह्या कामाची मोजमापं माझ्याकडे होती. घरात शिकलेली मी, म्हणून मोठ्या विश्वासानं टेप माझ्या हाती दिलेली. बैठकीची उंची मी बाबांच्या गुडघ्याशी जुळवली होती. पाटी किती उंचीवर लावावी म्हणजे सगळ्यांना वाचता येईल, हेही मीच सांगितलं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आई नवा वॉकर घेऊन आली आणि सहज दारापाशी नेऊन पाहिला. दार चोवीस इंच होतं. वॉकर सव्वीस.

आई माझ्याकडे पाहत राहिली. मी पाटीकडे पाहत राहिले.

“एवढी पुस्तकं वाचतेस,” एवढंच ती म्हणाली.

मिस्त्री त्याच दुपारी परत आला. चौकट तोडायची तर वरचा तुळईचा भाग हलेल, म्हणाला. शंभर वर्षांच्या चाळीत एक गोष्ट हलवली की दुसरी विचारायला येते. त्यानं दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत नळाचे पाइप बसवून दिले. वॉकर बाहेर ठेवायचा, हातांनी पाइप धरायचे आणि दोन पावलं आत. बाबांना हे चालेल का, ही धाकधूक माझी. त्या दोन पावलांत काही झालं असतं तर ते माझ्या दोन इंचांमुळे झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवरून अठरा पायऱ्या वर आणलं. बाबांनी खोलीत शिरताच पिंपावरचं झाकण उचलून पाणी किती आहे ते पाहिलं आणि मग झोपले.

सकाळी पाणी यायच्या आधी नळ गुणगुणायला लागला आणि ते उठले. कोणी हाक मारली नव्हती. वॉकर पुढं टाकत गॅलरीतून निघाले, मागं बादली घेऊन आई, तिच्या मागं मी. दारं सगळी उघडी होती. कोणी दात घासत होतं, कोणी तुळशीला पाणी घालत होतं, आणि कोणीही त्यांच्याकडे पाहत नव्हतं, अगदी ठरवून. मधल्या खांबापाशी ते थांबले, दम घेतला, पुन्हा निघाले. सहा मिनिटांनी टोकाला पोचले. पाइपला हात लावून पाहिला, हलवून पाहिला. “अर्ध्या इंचाचो,” म्हणाले. “चलात.”

मग त्यांनी खाली पाहिलं. आमच्याकडे रांग माणसं लावत नाहीत, बादल्या लावतात. माणूस चहाला जातो, बादली नंबर धरून उभी असते. कमोडच्या दारापुढं चार बादल्या होत्या आणि दार आतून बंद होतं. बाकीच्या तीन दारांपुढं कोणीच नव्हतं.

“काका, तुम्ही व्हा पुढं,” तुळशीवाल्या वहिनी म्हणाल्या. “तुमच्यासाठीच तर केलंय.”

“नाय. नंबरान जातलंय.”

कोपऱ्यातल्या काकींनी उंच स्टूल आणून दिलं. बाबा त्यावर बसले आणि त्यांनी पेपर मागितला. चहाचं आधण ठेवायचं होतं, पिंप भरायचं होतं, आणि घरात बादली एकच रिकामी होती, म्हणून आई ती घेऊन परत गेली. बाबांनी वॉकर पुढं सरकवून चौथ्या बादलीमागं ठेवला.

वॉकरचा नंबर पाचवा होता.