दवा खलास

खलीलचाचा पाण्याला भितात. समुद्राच्या नाही, हर्णैचा माणूस, त्यात माशासारखा पोहतो. भितात ते कतारात, अल थुमामातल्या आमच्या बिल्डिंगच्या पाइपांत कोंडलेल्या पाण्याला. गच्चीवरचा चिलर तेच पाणी गार करून साठ फ्लॅटांत फिरवतो. नवं पाणी शिरलं की सोबत हवा शिरते, लोखंड गंजतं, गंजाचा गाळ होतो, नळ्या तुंबतात. म्हणून त्यात गंज रोखणारं रसायन घालायचं. चाचा त्याला दवा म्हणतात आणि दर आठवड्याला नमुन्याची बाटली उजेडाला धरतात, डॉक्टर एक्सरे धरतो तशी.

जुलैत ते मुलीच्या लग्नाला पाच आठवडे गावी गेले. इकडे पंप गळत होता, मी, त्यांचा मदतनीस, रोज नवं पाणी भरत होतो. त्यांचा फोन आला.

"श्याम, दवा?"

"खलास."

"शाबास!"

शाबासकी कशाची, हे काही मला कळलं नाही. वाटलं, आता नवा कॅन मागवतील. पण एकोणीस वर्षं कतारात काढलेल्या माणसाला अरबी खलास म्हणजे काम फत्ते, दवा घालून झाली. मी चिपळूणचा, आमच्यात खलास म्हणजे डबा रिकामा.

परतल्यावर चाचांनी नमुना घेतला. पाणी काळं. गाळणी उघडली, तर काजळासारखा चिखल. सप्टेंबरात त्यांचा नोकरीचा करार पुन्हा व्हायचा होता.

"कुणाला कळतंय, चाचा? आता दवा ओतू."

"गाळावर दवा? मेल्याला टॉनिक पाजतोस काय, श्याम? आधी सगळं धुवाया लागंल. न् आज पंप बसला तर? चौथ्या मजल्यावर ऱ्हाणाऱ्या अफशांबाईचं बारा दिवसांचं पोर हाय. बाहेर सेहेचाळीस डिग्री!"

ते तडक इंजिनिअर शैलजा मॅडमकडे निघाले. मी मागोमाग. चाचांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मी तोंड उघडताच त्यांनी माझ्या पायावर बूट दाबला.

"मॅडम, चूक माझी," मी कळवळून म्हणालो.

मॅडमनी बाटलीकडे पाहिलं. "मजल्यामजल्यानं धुवायचं. तीन आठवडे. तोवर दोघांपैकी कुणी कुठं जाणार नाही."

"आणि त्यानंतर, मॅडम? माझा करार?" चाचांनी विचारलं.

मॅडम फोनवर सफाईचं रसायन मागवू लागल्या होत्या. आम्ही वाल्व बंद करायला वर निघालो. जिन्यात चाचांनी काळ्या पाण्याची बाटली पुन्हा एकदा उजेडाला धरली.